अनाम हलगीवादक

सरांनी लाल पेन आण्णांच्या छातीवर टेकवलं. फोटोतल्या आण्णांच्या. टोचलं मला.

"हे काय? खाली नाव, आडनाव. कशाला?"

सांगलीतलं कॉलेज, डिझाइनचं तिसरं वर्ष, सगळा वर्ग समोर. एका काल्पनिक संगीत मासिकासाठी समोरासमोरची दोन पानं रचायची, असा आमचा प्रकल्प होता. दोघादोघांत एक. माझ्या जोडीला ऋचा. डाव्या पानावर तिचे आजोबा, शास्त्रीय गायक, तंबोरा घेऊन बसलेले. त्यांचं नाव आम्ही पानाच्या रुंदीइतकं मोठं टाकलेलं, आडनावासकट. उजव्या पानावर हलगी शेकणारा माणूस. त्याचं नाव कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत. ते मुंगीएवढं मीच केलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं.

"असं आडनाव वाचलं की वाचकाचं लक्ष जातीकडं जातं," सर म्हणाले. "संगीत बाजूला राहतं. ही माणसं अनामच छान वाटतात. त्यात एक गूढ असतं."

डाव्या पानावरच्या आडनावाकडं बघून कुणाचं लक्ष कुठं जात नव्हतं. हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचलं असतं तरी मी मूग गिळूनच बसले असते.

"तुझ्या ओळखीचा आहे का हा?"

ऋचा थोड्याच वेळापूर्वी वर्गासमोर म्हणाली होती, "हे माझे आजोबा." पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मला फक्त आजोबांच्या जागी वडील म्हणायचं होतं.

"नाही सर. जत्रेत दिसला."

दिसला. 'दिसले' सुद्धा म्हणाले नाही मी.

सरांनी नावावर काट मारली. वर लिहिलं, अनाम हलगीवादक. वर्गातलं कुणी माझ्याकडं बघेल अशी भीती नव्हती. कारण माझं आडनाव वेगळं होतं. बारावीनंतर मी गॅझेटमधून ते बदलून घेतलं होतं. गावाच्या नावाला 'कर' लावला की माणूस कुणाचाही वाटतो. त्या फॉर्मवर आण्णांनी सही केली होती. का, ते विचारलं नव्हतं. त्यांना कळत नव्हतं असं मी स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. त्यांना सगळं कळत होतं.

तो फोटो मी कडेगावच्या अलीकडं आमच्याच गावात, देवळाच्या मागं काढला. हलगी वाजवायच्या आधी शेकावी लागते. कातडं गार असलं की आवाज बसतो. पाचट नाहीतर कागद पेटवायचा, हलगी जाळावर फिरवायची, बोटानं टिचकी मारून बघायचं. आण्णा कान लावून ऐकतात. त्या वेळी त्यांच्या तोंडावर जे असतं, ते मला कुठल्याही गवयाच्या तोंडावर दिसलेलं नाही. मला ते तेव्हाही माहीत होतं. म्हणून तर फोटो काढला. लाज वाटायची आणि अभिमानही वाटायचा. लाज जास्त वाटायची.

फोटो काढताना त्यांनी मान वर केली.

"माझं नाव येतंय न्हवं खाली?"

"येणार की."

"न्हाई, जत्रंच्या फ्लेक्सवर पन्नास जणांची तोंडं असत्यात. वाजवनाऱ्याचं कवा येत न्हाई. म्हनून इचारलं."

चाळीस वर्षं वाजवलं होतं त्यांनी. लोकांच्या वराती, लोकांचे देव, लोकांच्या निवडणुका. एवढंच मागितलं होतं.

प्रकल्पांचं प्रदर्शन भरलं. उद्घाटनाला पुण्याहून मोठे पाहुणे येणार होते. सरांना वाटलं, गेटवर पारंपरिक स्वागत हवं. शिपायानं कुठूनसा ताफा ठरवला. ऋचाच्या हातात ओवाळणीचं ताट, माझ्या हातात फुलांची परडी. आम्ही दोघी गेटवर गेलो.

ताफ्यात आण्णा होते.

नवा फेटा, इस्त्रीचा सदरा. घुमकं आणि कैताळ वाजवणारे दोघं मागं उभे. आण्णा गेटच्या बाहेर उकिडवे बसून हलगी शेकत होते. जाळायला शिपायानं चुकलेल्या प्रिंटांचा गठ्ठा दिला होता. आमच्याच वर्गातल्या. आण्णा एकेक कागद उचलत होते, चुरगाळत होते, जाळात घालत होते.

एका कागदावर हात थांबला.

मला वरूनच कळलं तो कोणता ते. त्यांनी कागद मांडीवर सरळ केला. आण्णा चौथी शिकलेत. अक्षराला अक्षर लावून वाचतात, ओठ हलतात. ओठ हलले. अनाम. हलगीवादक. मग कागद उलटा करून मागं काही आहे का ते बघितलं. मग मान वर केली, तर समोर मी.

मी परडीतली फुलं नीट करायला लागले.

सांगायलाही तोंड नाही, पण सांगते. मी बापाकडं बघितलं नाही. ऋचा शेजारी होती म्हणून. फुलं नीटच होती.

आण्णा उठले. दोन पावलं पुढं आले. गेटची रेघ ओलांडली नाही. मला म्हणाले,

"आवं म्याडम, ह्यो कागद जाळला तर चालंल न्हवं?"

मला. त्यांच्या पोटच्या पोरीला. चेहऱ्यावर ओळखीचं काही नाही. मी जे नाटक करत होते त्यात त्यांनी मला सांभाळून घेतलं. चारचौघांत माझी लाज राखली.

ऋचा म्हणाली, "जाळा ना काका. टाकाऊच आहेत ते."

ती चांगली पोरगी आहे. तिला काय माहीत!

आण्णांनी स्वतःचं तोंड जाळात घातलं. त्यावर हलगी फिरवली, टिचकी मारली, ऐकलं. पाहुण्यांची गाडी आली तशी वाजवायला उभे राहिले. इतकं चांगलं वाजवताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

ताफा गेटवरच राहिला. आम्ही पाहुण्यांबरोबर वर हॉलमध्ये. पाहुणे आमच्या पानांसमोर थांबले. भिंतभर मोठी प्रिंट.

"वा! कोण हा?"

सर म्हणाले, "ते महत्त्वाचं नाही. चेहरा बघा ना."

खालून हलगी ऐकू येत होती. माझ्या अंगात काय शिरलं, सांगता येत नाही. धीर नव्हता तो. शरमेचा घोट गिळून गिळून पोट भरलं होतं, आता गिळला जात नव्हता एवढंच.

"महत्त्वाचं आहे," मी म्हणाले. "आनंदा ज्ञानू वायदंडे. माझे वडील. खाली गेटवर वाजवतायत तेच. त्यांना वर बोलवलेलं नाही."

टेबलावरचा मार्कर घेतला. प्रिंटवर, 'अनाम'वर काट मारून, हातभर अक्षरांत नाव लिहिलं. आडनावासकट. ऋचाचं तोंड उघडंच राहिलं.

"प्रिंट खराब केलीस तू," सर म्हणाले.

मी खाली धावले. टेम्पो गेला होता. शिपाई राख झाडत होता.

रविवारी गावी गेले. उंबऱ्यात पाय ठेवला तसं आण्णा आईला म्हणाले, "अगं, म्याडम आल्यात. भाकरी वाढ." हसले नाहीत. आईनं मग मला चुलीपाशी हळूच सांगितलं की, पोरीच्या कॉलेजात वाजवायचं म्हणून त्यांनी दुसरीकडची सुपारी सोडली होती. फेटाही त्यासाठीच घेतला होता. मला आधी सांगायचं नाही, अशी तिला ताकीद होती.

मी आण्णांना म्हणाले, "फोटोखाली नाव लिहिलं मी. सगळ्यांसमोर."

ते हलगीचं कडं पुसत होते. पुसता पुसताच म्हणाले,

"मी म्होरं हुतो तवा का न्हाई सांगितलंस?"

माफी मागितली असती तर त्यांनी दिली असती, म्हणून मागितली नाही. इतक्या स्वस्तात सुटायचं नाही मला.

सोमवारी सरांनी बोलावलं. वार्षिक अंकात पानं घ्यायची आहेत, पण स्वच्छ प्रिंट दे, नावाशिवाय. नाहीतर प्रकल्प अपुरा धरीन. मी नवी प्रिंट नेली होती. दोन्ही पानांवरची नावं एकाच मापाची. ऋचाला विचारून केलं होतं. ती मान खाली घालून हो म्हणाली.

"असं छापता येणार नाही," सर म्हणाले.

"मग छापू नका. फोटो मी काढलाय. नावाशिवाय तो कुठंही लागणार नाही."

"वर्ष जाईल तुझं."

"जाऊ दे."

गेलं तर जाऊ दे. जुनं आडनाव परत घ्यायचा फॉर्म भरलाय. तोही सहीसाठी आण्णांपुढं ठेवणार नाही, आता माझी सही पुरते. त्यांनी मला म्याडम म्हणायचं सोडलेलं नाही. जन्मभर म्हणाले तरी ऐकून घेईन. पण हा माणूस कोण, असं विचारायची वेळ मी आता कुणावर येऊ देणार नाही. कुणी विचारायच्या आधी सांगेन. आण्णा समोर असताना सांगेन.