मावशींनी सही न केलेला पंचनामा

"थांबा जराक. वाचून राहिले मी."

एवढं म्हणून मावशी बोट ओळीखाली ठेवायच्या, आणि मग समोर कुणी का असेना, बोट ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत त्याला उभं राहावं लागायचं. मनातल्या मनात वाचणं त्यांना जमत नसे. एकेक अक्षर जोडत, मोठ्याने, चार दुकानांना ऐकू जाईल असं त्या वाचायच्या. असं एखादं माणूस तुमच्याही पाहण्यात असेल, तर त्याच्यापुढे आपली घाई किती पोरकट दिसते हे तुम्हाला ठाऊक असेल.

आमचं गाव हिंगोलीपासून एसटीने तासाभरावर. गावच्या मोंढ्यात, शेतमालाच्या बाजारात, एका दलालाच्या आडतीवर मी मापाडी, म्हणजे काट्यावर माल मोजणारा. मावशी त्याच आडतीवर झाडलोट करायच्या आणि सांडलेली हळकुंडं वेचून निवडायच्या. पन्नाशी उलटल्यावर विहारातल्या संध्याकाळच्या वर्गात त्या वाचायला शिकल्या. तेव्हापासून गोळ्यांची पाकिटं, खताची पोती, भिंतीवरच्या जाहिराती, काहीही त्यांच्या तावडीतून सुटलं नाही.

एकदा आडतीवर लग्नपत्रिका आली. मावशींनी ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि शेवटच्या ओळीवर अडल्या. 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं.'

"हे कोन म्हनून राहिलं?"

"मामाची भाची. दीड वर्षाची हाय," मी म्हणालो.

"दीड वर्साचं लेकरू लिव्हते का भाऊ? तिला इचारलं तरी का कोनी?"

आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. कुणाच्या तरी नावावर भलत्यानेच लिहावं, हे त्यांना खरोखरच पटत नव्हतं.

आमचा मोंढ्याचा रिवाज याच्या अगदी उलटा. हंगामात काट्यापुढे गाड्यांची रांग लागते, म्हणून मी सकाळी आल्या आल्या पावतीपुस्तकाच्या सगळ्या कोऱ्या पानांवर सह्या करून ठेवायचो. नाव-वजन मागाहून भरलं जायचं. वीस वर्षं हेच केलं. सही आधी आणि मजकूर नंतर, ही हाताची सवयच झाली होती. मावशींना ते दिसायचं आणि त्या मान हलवायच्या.

मग ती भानगड झाली. आडतीतून हळदीची दोन पोती चोरीला गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी मी आणि किसन हमाल कॅन्टीनमध्ये एकाच बाकड्यावर चहा पीत बसलो होतो. मावशी समोरच हळकुंडं निवडत होत्या. पोलिसांची जीप आली, जमादारांनी किसनला नावाने हाक मारली. तो कप खाली ठेवून उठला, आपल्या पायांनी चालत गेला आणि जीपमध्ये बसला. चोरीची पोती मागच्या पडक्या शेडमध्ये सापडली. किसनचं नाव कुणी सांगितलं, ते आजवर कळलेलं नाही.

जमादार आडतीत खुर्ची टाकून बसले. पंचनाम्याचा कागद तयारच होता. पंच म्हणून हाताशी होते ते दोघे धरले, मी आणि मावशी. मी काट्याच्या कडेवर कागद ठेवला आणि सवयीने सही ठोकली.

"बाई, तू अंगठा दे," जमादार म्हणाले.

"सही येते मला. थांबा जराक, वाचून राहिले मी."

मावशींचं बोट चालू लागलं. 'आज रोजी दुपारी आरोपी हा चोरीचे पोते खांद्यावर घेऊन मागील गेटकडे पळून जात असताना...' तिथे बोट थांबलं.

"पळून? साहेब, किसन तर चहा पिऊन राहिला व्हता. मी पाहिलं."

जमादारांनी कागद ओढून घेतला, शेजारच्या दुकानातून दुसरा माणूस बोलावला आणि त्याची सही घेतली. मी खाली मान घालून वजनं लावत राहिलो.

किसन महिनाभर आत होता. जामिनावर आला तेव्हा त्याच्या बायकोने दोषारोपपत्राची नक्कल मावशींकडे दिली. मावशी ती घेऊन थेट काट्यापाशी आल्या आणि पंचनामा वाचू लागल्या. खाली माझी सही होती. गिऱ्हाईक खोळंबलं, तरी त्या हटल्या नाहीत.

"तुमी हे समद्यायच्या आधी वाचाले पायजे व्हतं भाऊ," एवढंच म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हिंगोलीच्या कोर्टात तारीख लागली ती दोन वर्षांनी. मी पोलिसांचा पंच, मावशी किसनच्या वकिलाच्या साक्षीदार. मी पिंजऱ्यात उभा राहिलो आणि कबूल केलं की न वाचता सही केली, आरोपीला पळताना मी पाहिलं नाही. सरकारी वकिलांनी मला फितूर ठरवलं. तेवढं मी सोसलं. मग किसनच्या वकिलांनी विचारलं, "त्या वेळी आरोपी कुठे होता?"

दाराशी जमादार उभे होते. ते रोज मोंढ्यात येतात, आमच्याच कॅन्टीनमध्ये बसतात. मी म्हणालो, "ध्यान न्हाई साहेब."

पुढे एका तारखेला मावशींची साक्ष झाली. मीही त्यांच्यासोबत गेलो होतो. त्यांना खरंच वाचता येतं का, याचीच सरकारी वकिलांना शंका. त्यांनी पंचनामा मावशींच्या हातात दिला. मावशींनी बोट ठेवलं. दोन ओळींतच वकील कंटाळले, पण न्यायाधीश म्हणाले, "वाचू द्या त्यांना." पळून जाण्याच्या ओळीला पोचल्यावर मावशी म्हणाल्या, "साहेब, भरलं पोतं खांद्यावर घेऊन हमाल चालतेत. पळत न्हाईत. हे ज्यानं लिव्हलं त्यानं पोतं कधी उचललं न्हाई." न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. कोर्टात कुणीतरी हसलं.

परतीच्या एसटीत त्या माझ्या शेजारी बसल्या.

"ध्यान न्हाई काहून म्हनले व्हते तुमी? एकाच बाकड्यावर व्हते की."

"मावशी, मला याच गावात राहायचं हाय."

"मला बी याच गावात राहायचं हाय," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेरच्या पाट्या वाचू लागल्या.

किसन सुटला. निकालात लिहिलं होतं, संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता. आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो. मावशींनी ती ओळ दोनदा वाचली.

"संशय? तो कोनाला हाय? मला न्हाई. तुमाला हाय का?"

त्यांचं बरोबर होतं. सुटला तरी किसनला मोंढ्यात कुणी पोत्याला हात लावू देईना. माल आला की लोक त्याच्याकडे बघायचे आणि दुसऱ्याला हाक मारायचे. शेवटी तो वीटभट्टीवर जायला लागला. वीस वर्षं हळद उचललेला माणूस.

मावशींनी मला गाठलं. "भाऊ, एक अर्ज लिव्हा. पोलिसायच्या वरच्या साहेबाला. त्या दिशी किसन चहा पिऊन राहिला व्हता, आमी पाहिलं, एवढंच. मी सही करते. माझ्याखाली तुमी करा."

"हंगाम सरू द्या, मावशी."

हंगाम सरला. दुसरा आला. त्या आठवण करायच्या, मी काहीतरी सांगायचो. पुढे त्यांनी विचारणंही सोडलं. माझ्यावर रागावल्या नाहीत, टोचून बोलल्या नाहीत. घरी शेंगदाण्याची चटणी केली की पुडी माझ्यासाठी यायची. त्या पुडीची मला अक्षरशः भीती वाटायची.

गेल्या हिवाळ्यात त्या लेकीकडे पुसेगावला गेल्या. ताप आला, आठ दिवसांत संपल्या. आम्हाला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं.

जलदानविधी आमच्याच गावच्या विहारात झाला. वंदना झाल्यावर लेकीने मला विनंती केली, "तुमी आईसोबत इतके वर्सं काम केलं, दोन शब्द बोला." मी उठलो. मावशी कामसू होत्या, मायाळू होत्या, असं काहीबाही मनात जुळवून ठेवलं होतं. समोर सगळा मोंढा बसला होता. आडतदार होते, शेजारचे दुकानदार होते, वर्दीतला एक शिपाईसुद्धा होता. जुळवलेलं सगळं विसरलो.

"त्या दिशी किसन चहा पीत व्हता," मी म्हणालो. "माझ्याच बाकड्यावर. कोर्टात मी ध्यान न्हाई म्हनलो, ते खोटं व्हतं."

मागच्या रांगेत किसन बसला होता, कपड्यांवर भट्टीची लाल धूळ. तो उठला, चपला पायात घातल्या आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. मी तिथंच उभा राहिलो.