वायर हातात ठेव

आईबाबा दोघंही वसईच्या मिठागरात राबले. पावसाळ्यात काम बंद, मग चूल एकदाच पेटायची. मी घरातला पहिला पदवीधर. वसई पूर्वेच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरची नोकरी लागली आणि घर सावरलं. म्हणूनच, जुन्या सर्व्हरवरचं काम व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे मोठ्या कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या आभासी सर्व्हरवर, न्यायचं ठरलं तेव्हा मला घाम फुटला. कारखान्याच्या सगळ्या ऑर्डरी त्यात होत्या. त्या गेल्या, तर नोकरीही गेली.

रविवारी सकाळी सर्व्हर पुरवणाऱ्या कंपनीकडून मदतीला एक बाई आल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, अंबाड्यात खोचलेलं पेन. जुन्या आणि नव्या दोन्ही मशीनना दिसेल अशी सामाईक डिस्क त्यांनी जोडली, सगळ्या ऑर्डरी तिच्यात उतरवल्या. डिस्कचा नंबर मला दोनदा मोठ्याने वाचायला लावला. मग जुना सर्व्हर बंद केला, त्याची विजेची वायर काढून माझ्या हातात दिली.

"धरून बस."

"मॅडम, बंदच आहे ना तो?"

"कोणीतरी शहाणा चालू करतोच. दोघं एकाच डिस्कवर लिहायला लागले, की सगळंच खराब होतं बघ."

तेवढ्यात आमचे साहेब आले. "एक ऑर्डर बघायचीय. चालू कर रे पाच मिनिटं."

बाईंनी मान वर केली नाही. "वायर त्याच्याकडे मागा."

साहेबांनी हात पुढे केला. मी वायर पाठीमागे घेतली.

"नाही देणार, साहेब."

बाई गालात हसल्या.

दुपारी नव्या मशीनवर सगळ्या ऑर्डरी जशाच्या तशा उघडल्या. बाई डबा खाऊन गेल्या, पुन्हा कधी दिसल्या नाहीत. पुढे मी असे अकरा सर्व्हर हलवले. एकही फाइल गेली नाही.