छबुबाईनं बघितलेला स्पेन

"म्या सोताच्या डोळ्यानं बघितलंय," असं छबुबाई नेहमी म्हणायची. विहिरीचा तळ असो की कुणाच्या घरातलं भांडण, हे वाक्य आलं की वाद मिटायचा. धारूरच्या डोंगराखालच्या आमच्या गावात बायकांची दूध सोसायटी तिनंच उभी केली होती. तिचा शब्द चालायचा.

त्या साली पावसानं पाठ फिरवली. डोंगर उघडा पडला, म्हशी आटल्या. अशात कळलं की स्पेनच्या एका संस्थेची बाई येणार, सोसायटी बघणार आणि मनाला आलं तरच चारा देणार. चारा आला नाही तर म्हशी बाजारात जाणार होत्या.

मांजरसुंब्याच्या ढाब्यावर छबुबाईनं त्या देशाचा एक सिनेमा पाहिला होता. त्यात लाल झग्यातल्या बाया केसांत फूल खोवून टाचा आपटत नाचत होत्या.

"तिकडं उठता-बसता नाचतात. म्या सोताच्या डोळ्यानं बघितलंय," ती म्हणाली आणि धुळाजीला हलगी घेऊन बोलावलं.

स्पेनची पिलारबाई छबुबाईच्या अंगणात जीपमधून उतरली. वय साठीचं, अंगावर सगळं काळं. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती.

"सणाचं काळं नेसून आली बघा," भामाबाई कुजबुजली.

छबुबाईनं पुढं होऊन कुंकू लावलं. हलगी कडाडली. साऱ्या बायका पाव्हणीच्या पायांकडं बघत उभ्या राहिल्या. पाय हलले नाहीत. पाव्हणीही बायकांच्या पायांकडंच बघत होती.

"थांबव रे हलगी," संस्थेचा शहादेव म्हणाला. तो तिचं बोलणं मराठीत सांगायचा. "छबुआत्या, ह्यांचे मालक वारलेत. त्यांच्यात काळं दुखवट्याचं असतंय."

छबुबाईची विधवा सून मुक्ताबाई रीतीप्रमाणं दाराआड उभी होती. तिनं मान खाली घातली.

शहादेवानं कुंकवाचा अर्थ सांगितल्यावर पिलारबाईनं ते रुमालानं हलकेच पुसलं. मग ती काहीतरी बोलली. शहादेवाला हसू आवरेना.

"त्या म्हणतात, तो नाच लांब दक्षिणेकडचा. ह्यांच्या गावात पाऊस आन् गाई. नाच ह्यांना येत न्हाई. पर आपले सिनेमे त्यांनी पाहिलेत. हलगी वाजली तवा वाटलं, आता तुमी समद्या नाचणार."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पिलारबाई गोठ्यात शिरली, एका म्हशीच्या कासेला हात लावून बराच वेळ बसली. निघताना तिनं चाऱ्याला होकार दिला.

ट्रक आले, म्हशी वाचल्या. पुढं कधीतरी सोसायटीत दूध घालताना भामाबाईनं डिवचलं, "छबुबाई, स्पेनची माणसं कशी असत्यात गं?"

"मला काय ठाऊक? म्या कुठं बघितलाय स्पेन," छबुबाई म्हणाली, रिकामी कॅन काखेत मारली आणि उतरणीच्या वाटेनं निघाली. ती वळणाआड जाईपर्यंत मुक्ताबाई तिच्याकडं बघत होती. पिलारबाई येऊन गेल्यापासून मुक्ताबाई दाराआड राहत नव्हती; आता ती सोसायटीच्या दारात येऊन उभी होती.