फ्रेडरिक्सबर्ग, ऱ्होनची पांढरी वाईन आणि पांढरा रस्सा

“वाइनरीत जाऊन मी काय करू? मला पाणी काय आणि वाईन काय, सारखंच,” माझा नवरा संदीप म्हणाला. तोवर मी कॉटेज बुक करून मोकळी झाले होते.

दोन वर्षांपूर्वी एका तापानंतर त्याला वास येईनासा झाला, तो आजतागायत. टेक्सासमधल्या आमच्या प्लेनोच्या घरात स्वयंपाक त्याचा. माणूस कोल्हापूरचा, मटणाला मला हात लावू द्यायचा नाही. आधी फोडण्या करपल्या, मग नासलेलं दूध कळलं नाही, आणि एके दिवशी त्याने किचनमध्ये येणंच सोडलं. जेवायचा, पण औषध घेतल्यासारखा. निदान दोन दिवस घराबाहेर पडावं, एवढाच माझा हेतू होता.

प्लेनोहून फ्रेडरिक्सबर्गला पाच तास धरा, थांबत गेलात तर सहा. वेको येईपर्यंत आय-३५ वर ट्रक फार. त्याआधी वेस्ट नावाच्या गावात कोलाचे खाऊन घ्या, म्हणजे मध्ये जाम भरलेले चेक लोकांचे मऊ पाव. बेल्टनला हायवे सोडला की रस्ता सुधारतो. एप्रिलमध्ये दोन्ही बाजूंना ब्लूबॉनेटची निळी रानफुलं असतात. संदीप गाडी चालवत होता, गप्पच होता.

गावाबाहेर २९० नंबरच्या हायवेवर वाइनरीज रांगेने आहेत. वीकेंडला टेस्टिंगचं रिझर्व्हेशन लागतं, आणि गाडी कॉटेजवर ठेवून शटलने जावं हे उत्तम. आम्ही गेलो तिथे लिंडा नावाच्या बाई वाईन ओतत होत्या. त्यांच्याकडची वाईन फ्रान्समधल्या ऱ्होन खोऱ्याच्या पद्धतीची, म्हणून मूळ तिथली पांढरी वाईन त्या आधी चाखायला देतात. ती एकाच जातीच्या द्राक्षाची नसते. ग्रेनाश ब्लाँ, मार्सान, रूसान, व्हिओनिए अशी मिसळ असते.

“माझ्यावर वाया घालवू नका, मला वास येत नाही,” संदीपने इंग्रजीत सांगून टाकलं. पण बाईंनी ओतलीच होती, म्हणून त्याने घोट घेतला. मग आणखी एक.

“ही जड आहे,” तो माझ्याकडे वळून म्हणाला.

“म्हणजे?”

“सायीच्या दुधासारखी जिभेवर बसते. आणि शेवटी कडवट लागते, बदामाच्या सालीसारखी.”

मी भाषांतर केलं. लिंडा म्हणाल्या, “मार्सान कधीकधी अशीच लागते.” जर्दाळूसारखा गोड वास मात्र मला एकटीलाच आला. तो त्याच्यापर्यंत पोचला नाही.

सोबतच्या ताटलीतलं मऊ चीज आणि भाजलेलं चिकन वाईनबरोबर छान गेलं. हालापिन्यो मिरचीच्या चिप्सनी दोघांच्याही तोंडाची आग झाली. संदीप चीजचा तुकडा हातात धरून बराच वेळ विचार करत बसला. मग म्हणाला, “इथे मटण कुठे मिळेल?”

मी फोनवर दुकान शोधायला लागले. उगाच बोलून विचार मोडायचा नव्हता.

बाटली घेऊन आम्ही गावातल्या दुकानात गेलो. मटणाऐवजी लॅम्बचा खांदा, नारळाच्या दुधाचे डबे, काजू, तीळ, खडा मसाला. खसखस होती, पण काळपट. पांढरा रस्सा करडा झाला असता, म्हणून ठेवून दिली. कॉटेजच्या छोट्या किचनमध्ये तो ढवळत होता, मी पातेल्यावर वाकून वास घेत उभी.

“सांग.”

“आलं अजून कच्चं आहे.”

“आता?”

“दालचिनी पुढे येतेय.”

त्याने दालचिनीचा तुकडा काढून टाकला. जेवायला बसलो. पांढऱ्या रश्शाचा मऊपणा आणि त्या वाईनचा जडपणा एकमेकांना धरून होता. त्याने दुसऱ्यांदा वाटी भरली. “चव पूर्ण नाही येत गं,” तो म्हणाला, “पण कळतंय.” आणि मान खाली घालून जेवत राहिला. मी पाणी आणायला उठले.

दुसऱ्या दिवशी आलो त्याच रस्त्याने परतलो. येताना गाडीत तोच बोलत होता.

आता घरी बरेच प्रयोग झालेत. ही वाईन नारळाच्या रसातल्या कोळंबीबरोबर, रोस्ट चिकनबरोबर, काजूच्या ग्रेव्हीबरोबर घ्या. फार गार करू नका, चव दबते. तांबडा रस्सा आणि ठेचा असेल तर बाटली उघडू नका. टेस्टिंगला माणशी पंचवीस-तीस डॉलर धरा.

संदीपला अजूनही वास येत नाही. डॉक्टर काही सांगत नाहीत, आम्हीही विचारायचं थांबवलंय. पण परवा मी घरून ऑनलाइन मीटिंगमध्ये असताना किचनमधून हाक आली, “अगं, नाक घेऊन ये लवकर, फोडणी टाकलीय!” मी कॅमेरा बंद केला आणि धावले.