धुऱ्यावरचा पळस

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी आम्ही राळेगावला राहायला आलो. माझे यजमान शाळेत चित्रकला शिकवत. रविवारी सकाळी फळी, कागद आणि जलरंगांची डबी घेऊन ते गावाबाहेर जात. पाण्यासाठी माझ्या माहेरचा तांब्या नेत आणि तो हिरवा-निळा करून परत आणत.

एका फाल्गुनात त्यांनी सुरेख चित्र आणलं. गहू निघालेली वावरं, मागे फिकट टेकडी आणि पुढे फुललेला लालभडक पळस. मी छान म्हटलं, तर म्हणाले, "आकाश जमलं नाही." पण येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं ओसरीवर टेकवून ठेवलं.

संध्याकाळी त्यातल्या एका वावराचा मालक आला. बराच वेळ चित्र पाहून म्हणाला, "मास्तर, हा पळस त माह्या धुऱ्यावर हाय. तुमी शेजाऱ्याच्या वावरात कायले नेला?"

"चित्रात तोल साधावा लागतो. म्हणून झाड बांधावरून जरा डावीकडे घेतलं."

"तोल तुमचा. झाड माह्यं हाय ना."

यजमानांनी त्याला पाचवीच्या वर्गासारखं सगळं समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं, चहा घेतला आणि म्हणाला, "पटलं मले. आता झाड जागेवर आना."

जलरंगातलं झाड हलवायचं कसं? त्यात दुसऱ्या दिवशी तो शेजारीच चित्र मागायला आला. "मास्तरनं बराबर काढलं," म्हणाला. यजमान घाबरले. "हा उद्या झाड माझं म्हणून कचेरीत चित्र दाखवेल!"

"मग तुम्हाला साक्षीला बोलावतील," मी म्हटलं. "जाताना कोट घाला."

शेजाऱ्याला त्यांनी कसंबसं वाटेला लावलं. पुढच्या रविवारी ते गुपचूप पुन्हा गेले आणि झाड होतं तिथंच काढलं. हे चित्र पहिल्यापेक्षा उजवं झालं. मी तसं सांगितल्यावर म्हणाले, "त्या दिवशी उजेड वेगळा होता."

ते चित्र मालकाला दिलं. त्यानं धुरा या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासला, मान हलवली. मग विचारलं, "अन् माहे बैल?"

"ते तिथं नव्हते."

"आत्ता आनतो," म्हणून तो गेलासुद्धा. मला हसू आवरेना, मी आत पळाले.

बैल दारात उभे राहिले. यजमानांना माणसं, झाडं जमत. बैल त्यांनी कधी काढले नव्हते. त्याच चित्रात ते काढायला बसले, तर एकाची शिंगं भलतीच मोठी झाली. मालकानं कागदाकडे पाहिलं, बैलाकडे पाहिलं, आणि आठवड्याभरात चित्र काचेत बसवून घेतलं.