कवडीचा वाटा

किन्हीराजा गावच्या शिवारात तांड्यावरची भुरीबाई कापूस वेचायले यायची. हात असा चाले, का शेजारच्या ओळीतली गावची गोमतीबाई कायम मागं राहे. निवडणुकीत मत टाकायले दोघी एकाच रांगेत उभ्या होत्या. मालक जगदेवच्या वावरात मात्र रांगा दोन.

वेचणीची मजुरी कापसातच मिळे. सांजच्याले वेचणारीनं आपल्या कापसाचे ढीग घालायचे आन मालकानं त्यातला एक तिच्या पदरात टाकायचा. कोनता टाकंल हे ठाऊक नसे, म्हनून ढीग आपसूक सारखे पडत. पन ही रीत गावातल्या बायांपुरती. तांड्यावरच्या बायांचे ढीग जगदेव सोताच घाले आन सोताच वाटे. लमानाच्या हाताचा भरवसा नाही म्हने. मंग त्यांच्या पदरात काय पडंल? कवडी. किडीनं खाल्लेला, पिवळा, बोंडाले चिकटलेला कापूस. रिसोडच्या बाजारात त्याले कुत्रं इचारत नसे.

एका सांजेले भुरीबाईनं पदर पसरलाच नाही.

"मालक, माह्या कापसाचे ढीग मी घालतो. तू दे त्यातला कोनताबी."

जगदेव नुसता हसला. दिवसभर भुरीचाच तंबाखू खाल्लेली गोमतीबाई म्हने, "तुमाले मिळून राह्यलं थेच लय हाये वं. गुमान घे." गावच्या बाया खिदळल्या.

भुरीबाईनं कवडीचा ढीग कवेत उचलला, मालकाच्या पांढऱ्याफेक कापसावर उधळला आन पायानं तुडवून पार कालवून टाकला. जगदेव शिव्या देत राह्यला. ती तांड्याकडं निघून गेली.

कालवलेला कापूस निवडायले त्यानं बसवलं कोनाले? ज्या खिदळल्या त्यायलेच. दिवस बुडला तरी फुकट निवडत होत्या, एकीनं तोंड उघडलं नाही. जगदेवनं हे बरोबर पाहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी गोमतीबाईचेही ढीग त्यानं सोताच घातले आन तिच्या पदरात कवडी टाकली.

तवा कुठं बाईले तांडा आठवला. भुरीबाई दारात काड्या मोडून राह्यली होती. गोमती म्हने, चाल माह्यासंगं मालकाकडं, तुह्या तोंडाले थो भेतो.

भुरीबाईनं तिले खालून वरपर्यंत पाह्यलं.

"काहून वं, आता तूबी लमानीन झाली काय?"

आन पुन्हा काड्या मोडू लागली. गेली नाही. बरं केलं.