धुळ्याच्या आबांना 'महोदय'

ऑर्डरचं पत्र लिहिणं ही फार सोपी गोष्ट आहे, असं माझं ठाम मत होतं.

जळगावात आमचं भांड्यांचं दुकान. नानांचं (म्हणजे माझ्या सासऱ्यांचं) मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि फैजपूरच्या गिऱ्हाइकाच्या मुलीच्या लग्नासाठी मोठी पातेली मागवायचं काम माझ्या अंगावर पडलं. लग्न रविवारी! माल नानांच्या जुन्या ठोक व्यापाऱ्याकडचा, धुळ्याच्या आबांकडचा. आबा फोनवरची ऑर्डर धरत नाहीत. पत्र लिहून त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचा.

नानांची पत्रं मी पाहिली होती. आबांच्या गुडघ्याची चौकशी, म्हशीची चौकशी, इकडच्या उन्हाची तक्रार आणि तळाशी जागा उरलीच तर ऑर्डर! मी पडले एम. कॉम. मोबाईलवर नमुना शोधला आणि उतरवून काढला: 'महोदय, खालील माल शुक्रवारपर्यंत पोहोचवावा. विलंब झाल्यास आपल्याशी असलेला व्यवहार संपुष्टात येईल.' (खाली नानांचं नाव घालून दोन रेघाही मारल्या!)

झालं! आबांचं उत्तर नाही. आबा फोन उचलेनात. गिऱ्हाईक मात्र सारखं फोन करतंय, "वहिनी, आचारी विचारून राहिला, पातेली कुठंयत?" एका मुलीच्या लग्नाचा स्वयंपाक कशात करायचा, या विचाराने मी दर पाच मिनिटांनी व्हॉट्सॲप उघडून बघत होते!

शुक्रवारी सकाळी दारात टेम्पो थांबला. त्यातून आबा उतरले, काकू उतरल्या, पेढ्यांचा डबा उतरला. आबा थेट नानांच्या खाटेपाशी.

"नाना, आमनं काय चुकनं? घरमा बठ्ठं बरं शे ना?"

"सगळं बरं आहे. का हो आबा? काय झालं?"

"तुम्ही माले 'महोदय' लिखं!" आबांनी पेढ्यांचा डबा नानांच्या हातात ठेवला. "आसं फोनवर कसं बोलू? माल लई उनू, माफी मांगाले उनू." (माल घेऊन आले होते, आणि वर माफी मागायलाही!)

"मी लिहिलं, आबा," मी दाराआडून पुटपुटले.

आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि टेम्पोवाल्यालाही ऐकू जाईल असे हसले. "सूनबाईनं लिखं? मंग काही वांधा नही!"

चहा घेऊन आबा स्वतः टेम्पोसोबत फैजपूरला गेले आणि पातेली मांडवात उतरवून आले. मी धमकी दिलेल्या माणसाने माझी लाज राखली. आबांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

पुढचं पत्र मी मन ओतून लिहिलं, चांगली दोन पानं. आबांचं तितकंच मायेचं उत्तर आलं. माल काही आला नाही.

नानांनी नवा चष्मा लावून माझं पत्र दोनदा वाचलं.

"झकास लिहिलंय, सूनबाई. फक्त मागवलंय काय?"